आग्नेसनं दिलेला शब्द

फोन आला तेव्हा धुळाप्पाच्या दोन गुडघ्यांत मेंढी होती. अर्धी कातरून झाली होती. डाव्या कुशीची लोकर खाली पडली होती, उजवीकडची अजून अंगावर होती. नंबर आग्नेसचाच होता, म्हणून त्यानं कातर हातात तशीच धरून फोन कानाला लावला आणि म्हणाला, "पोचलीस व्हय सांगलीला?"

पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "काका, मी कंडक्टर बोलतोय, सातारा-सांगली गाडीचा. ह्या फोनवर शेवटचा नंबर तुमचाच हुता."

कंडक्टरनं नीट सांगितलं. कराडला चढलेल्यांची तिकिटं काढत तो मागं आला, तेव्हा बाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. झोप लागली असेल म्हणून तो पुढं गेला. मलकापूरला शेजारची बाई उतरायला उठली आणि ह्या तिच्या जागेवर कलल्या. गाडी तिथंच कडेला घेतली आहे. दवाखान्याची गाडी बोलावली आहे.

"मावशींच्या मांडीवर एक पाटी हाय," कंडक्टर म्हणाला. "तिचं काय करू?"

"ऱ्हाऊ द्या तिच्यापाशीच," धुळाप्पा म्हणाला.

बाई गेली का, असं त्यानं विचारलं नाही आणि कंडक्टरनंही सांगितलं नाही. पाटीचं काय करू हे तो आपल्याला विचारतोय, तिला विचारत नाही, यावरून धुळाप्पाला कळलं.

मार्चचा पहिला शुक्रवार होता. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आग्नेस साताऱ्यात पोवई नाक्यावर एक तास उभी राहायची. आदल्या दिवशी जतहून निघून कोरेगावला भावाकडे मुक्काम करायची. तिचा जन्म कोरेगावचाच. बाप रेल्वेत गँगमन होता. घराघरातून फौजेत माणूस धाडणारा जिल्हा तो, म्हणून तिथंच उभं राहायचं, असं ती म्हणायची. पाटीवर दोनच शब्द होते: मारू नका. कुणाला, ते लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर सांगायची. फौजी माणसानं विचारलं की लढाईचं सांगायची, डॉक्टरनं विचारलं की पोटातल्या लेकराचं. दोघंही सारखेच चिडायचे. सध्या तर तिचा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. शुक्रवारी ती नुसत्या चहावर असायची.

मेंढी सुटून कळपात गेली, अर्धी पांढरी, अर्धी मळकी. अंगणात माणसं जमली. धुळाप्पाचा धाकटा भाऊ नानासो जीप घेऊन दारात आला. निवृत्त सुभेदार. दहा महिने वहिनीशी एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, "आण्णा, बस. कराडला जायाचंय." धुळाप्पा बसताना थोरली बहीण हरणाबाई जीपच्या दाराला धरून काही काही विचारत होती. लेकीला, क्रांतीला, पुण्याला फोन करू का, मेंढरं आत घेऊ का, आणखी काय काय. धुळाप्पानं सगळ्यालाच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आग्नेसला घरी आणलं. दोन तास ठेवलं. मग सांगलीला नेऊन ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं. चाळीस वर्षं दर रविवारी ती चर्चमध्ये जायची आणि धुळाप्पा बाहेर बाकड्यावर बसायचा. त्या दिवशी तो पहिल्यांदा आत गेला, कुठं उभं राहायचं ते न कळून दारालगत थांबला.

*

सातव्या दिवशी सांगलीहून फादर आले. अंगणात टेबल मांडून त्यांनी मिस्सा केली. भावकीतल्या माणसांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. कोरेगावची माणसं उठली की ती उठायची, बसली की बसायची. जेवणं झाली. बारा वाजेपर्यंत पाहुणे पांगले आणि अंगणात घरचीच चार माणसं राहिली.

अंगणाच्या मधोमध बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. गेल्या मे महिन्यात नानासोनं ते घातलं होतं. त्या आठवड्यात सीमेवर गोळे पडत होते, नानासोचा मुलगा तिथं होता, आणि आग्नेस साताऱ्यात पाटी घेऊन उभी राहिली होती. तिचा फोटो नानासोच्या फौजी मित्रांच्या ग्रुपवर आला. "सुभेदारांच्या घरातूनच शांतता निघाली," असं कुणीतरी खाली लिहिलं. नानासो अंगणात येऊन म्हणाला होता, "वैनी, ती पाटी माझ्या पोरावर गोळा टाकणाऱ्याला दावा." आग्नेस म्हणाली होती, "त्याच्यापातूर पोचले तर त्यालाबी दावीन." दुसऱ्या दिवशी काटे आले.

आज नानासो रस्त्यानं वळसा घालून अलीकडे आला होता आणि कुंपणाला पाठ करून बसला होता. हरणाबाई सुपात तांदूळ निवडत होती. क्रांती आतून आली. तिच्या हातात कराडच्या दवाखान्यानं दिलेली आईची पिशवी होती.

"आबा, ह्यात लोहाच्या गोळ्या आहेत. प्रांजलसाठी घेतलेल्या दिसतायत. कुठंय ती? काका, तुमच्याकडं आहे का?"

"माझ्याकडं कशाला आसंल?" नानासो म्हणाला. "ती हितं ऱ्हाती."

धुळाप्पानं वर पाहिलं. "हितं न्हाई. मढं घरात येणार म्हणून तुझ्याकडं ठिवली, आसं मी धरून चाललो हुतो."

"आण्णा, माझ्या घरात सात दिस चूल न्हाई. मी हितंच जेवतोय."

हरणाबाईचा हात सुपात थांबला. "ती तिच्या घरला गेली की."

"तिच्या म्हंजी?"

"सासरी. शुक्रवारी सांजच्याला तानाजी येऊन घिऊन गेला. मीच फोन केला त्येला. आरं, पाचव्या महिन्याची पोटुशी बाय, घरात मढं येणार. सुतकाच्या घरात तिला ठेवत्यात व्हय कुणी?"

कुंपणापलीकडे नानासोची कोंबडी काटे उकरत होती.

प्रांजल ही नानासोची मुलगी. तिची आई आठ वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून तिला आई म्हणजे थोरली आई, आग्नेस. प्रांजलला दोन मुली होत्या. तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा जानेवारीत सासरच्यांनी तिला राज्याच्या सीमेपलीकडे कुठल्याशा डॉक्टरकडे नेलं आणि पोटात पुन्हा मुलगीच आहे हे पाहून आणलं. गर्भ पाडायची तारीखही ठरवली. नानासोला कळलं तेव्हा तो म्हणाला, "दिली पोरगी. आता ज्येचं घर त्येनं ठरवावं." आग्नेसला कळलं तेव्हा तिनं चपला घातल्या.

ती तिथं सकाळी नऊला गेली आणि चार वाजेपर्यंत बसली. पाणी प्यायली नाही. ही तिची रीत होती. ज्या घरात मन वळवायचं, तिथं होय किंवा नाही ऐकल्याशिवाय ती पाण्याला हात लावत नसे. जत तालुक्यात टँकरचं पाणी, तेच तांब्याभर पाहुण्यापुढं ठेवायचं आणि पाहुण्यानं तोंड न लावता बसायचं, हे कुठल्याच घराला सहन होत नाही. दोन वस्त्यांचं टँकरवरून डोकी फोडण्यापर्यंत गेलेलं भांडण तिनं असंच मिटवलं होतं, कोरडी बसून. चार वाजता ती प्रांजलच्या सासूला म्हणाली, "पोरगी झाली तर सव्वा महिन्यानं माझ्या वटीत घाला. मी वाढवती. तुमच्यावर तिचा भार न्हाई." आणि प्रांजलला घेऊन आली. दोन्ही मुली मात्र तिकडेच राहिल्या. बाळंतपण झालं की आई त्यांना भेटेल, असं सासू म्हणाली.

घरोघरी अशी बसायला लागल्यापासूनच्या तेवीस वर्षांत आग्नेसनं हा शब्द किती घरांत दिला होता ते धुळाप्पाला ठाऊक नव्हतं. एकाही घरानं पोर आणून तिच्या ओटीत घातली नाही. जन्मली की कुणालाच देववत नसे.

क्रांतीनं पिशवी खाली ठेवली. "आत्या, ती इथं का राहत होती, ते तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"ठावं हुतं."

"मग?"

"मग काय मग? माझ्या डोळ्याम्होरं तवा मढं हुतं. माझ्या थोरल्या सुनंनं असंच मढं बघितलं आन् सातव्यात तिचं पोर गेलं. मी माझ्या हातानं पुरलंय ते. मी ह्या लेकरासाठीच धाडली गं तिला. म्हटलं, दहावा झाला की आणू."

"आक्का," नानासो म्हणाला, "ज्यांच्यापास्नं काढून आणली, त्येंच्याच हातात दिलीस?"

"तू बोलू नगंस!" हरणाबाईनं सूप बाजूला सारलं. "तू बाप हायस. दीड महिना ह्या काट्याच्या पल्याड बसलास. पोरीला एक भाकर आणून दिलीस कवा? तुला सात दिसांत पत्त्या न्हाई पोरगी कुठं हाय त्येचा, आन् मला इचारतोस?"

"मला वाटलं आण्णाच्या माजघरात आसंल."

"आन् ह्येला वाटलं तुझ्या. बसा आता वाटत."

धुळाप्पा म्हणाला, "आक्का, मला इचारायचं हुतंस."

हरणाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिचा आवाज एकदम उतरला. "इचारलं, धुळा. जीपमधी बसत हुतास. म्हटलं, पोरीला घरला धाडू का. तू मान हलवलीस."

धुळाप्पाला जीपचं दार आठवलं, दारावरची तिची बोटं आठवली. विचारलेलं काही आठवलं नाही.

क्रांती प्रांजलचा फोन लावत होती. बंद होता. मग तिनं तानाजीला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"बरी हाय, बरी हाय," तानाजी म्हणाला. "उद्या सकाळी जरा पल्याड तपासायला जायाचंय."

"कशाला तपासायला? पाचवा महिना आहे, तानाजीराव. तिच्या जिवाला धोका आहे."

पलीकडे थोडा वेळ नुसता बैलाच्या घुंगराचा आवाज आला. मग तो हळू म्हणाला, "क्रांतीताई, माझ्या हातात काय न्हाई. आई म्हणती, त्या बाई गेल्या, आता त्यांचा शब्द कुणाकडं मागायचा?"

फोन ठेवला. नानासो उठून जीपच्या किल्ल्या शोधू लागला. धुळाप्पानं पायात चपला सरकवल्या. क्रांती तिथंच उभी राहिली.

"मी येते," ती म्हणाली. "पण आबा, एक सांगा. प्रांजलला काय पाहिजे, ते आईनं तिला विचारलं होतं का?"

"इचारलं आसंल."

"असंल म्हणू नका. आईला मी चांगली ओळखते. प्रांजलला तिसरं मूल नको असतं, तर आईनं ऐकून घेतलं असतं?"

धुळाप्पानं विचार केला. खोटं बोलावं असं त्याला वाटलं नाही. "न्हाई," तो म्हणाला. "नसतं ऐकलं तिनं."

"ह्यावरनं आमची भांडणं व्हायची. तुम्ही मेंढरांकडं जाऊन बसायचा. आज मी आले तर आधी तिला विचारणार. ती म्हणेल तसं. ती नको म्हणाली, तर मी तिला चांगल्या ठिकाणी नेईन, त्या पल्याडच्या माणसाकडं नाही."

"आगं, हे काय बोलतीस?" हरणाबाई म्हणाली. "आईला जाऊन सातच दिस झालं."

"इचारू दे, आक्का," धुळाप्पा म्हणाला. "सात दिस झालं, मीबी कुणाला काय इचारलं न्हाई."

*

वीस किलोमीटरचा रस्ता होता, निम्मा कच्चा. क्रांती मागं बसली होती. नानासो गाडी चालवत होता. ज्वारी काढून झालेली रानं दोन्ही बाजूंना मोकळी पडली होती.

"पाटी मागं सीटखाली हाय," तो अचानक म्हणाला. "कराडला पोलिसांनी माझ्या हातात दिली. तुला द्यायची ऱ्हायली. कांबळ्यात गुंडाळून ठिवलीया."

"बरं."

"मला ती पटली न्हाई, आण्णा. आजबी पटत न्हाई. माझा पोरगा तितं हुता. त्येनं मारू न्हाई तर काय करावं?"

"मीबी तिला तेच इचारलं हुतं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तो जगून घरी यावा म्हणून मी रोज जपाची माळ करती. आन् तिकडच्या आईसाठीबी करती. मी म्हटलं, ते नानाला सांगू नगं."

नानासोनं गिअर बदलला. जीप एका नाल्यात उतरून वर चढली. "दहा महिने बोललो न्हाई तिच्यासंगं," तो म्हणाला. "माझी पोरगी तिच्या ताटात जेवत हुती, मी काट्यातनं बघत हुतो. पोरीनं एक दिस हाक मारली, आबा म्हणून. मी आत गेलो. आता वैनी न्हाई तर बोलायचं कुणाला?"

धुळाप्पानं मागं हात घालून सीटखालचं कांबळं चाचपलं.

*

प्रांजलची सासू सुलाबाई दारातच भेटली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, "या" म्हणाली, घोंगडं अंथरलं, आग्नेसच्या जाण्याबद्दल जे बोलायचं ते बोलली. मग तांब्याभर पाणी आणून पुढ्यात ठेवलं. तानाजी भिंतीला टेकून उभा राहिला.

मार्चचं ऊन होतं आणि धुळाप्पानं सकाळपासून घशाखाली काही घातलं नव्हतं. त्यानं तांब्याकडे पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवला. नानासोनं हात पुढं केला होता, तो भावाकडे बघून मागं घेतला.

सुलाबाई खाली बसली. "तुमीबी आता तेच करणार? ती बाई अशीच बसली हुती, नऊ ते चार. मी तीनदा पाणी बदललं. माणसानं घरी येऊन असं करावं?"

"पोरगी कुठं हाय?" धुळाप्पा म्हणाला.

"आत हाय. कुणी कोंडली न्हाई तिला."

क्रांती विचारायला थांबली नाही, सरळ आत गेली. मधलं दार लागलं. बाहेर तिघं तसेच बसून राहिले. अंगणात प्रांजलच्या दोन्ही मुली दगडांची चूल मांडून खेळत होत्या. थोरली धाकटीवर ओरडत होती, "जाळ म्होरं सार की!"

"आमास्नी काय हौस आलीया व्हय?" सुलाबाई म्हणाली. तिला गप्प बसवत नव्हतं. "मला पाच पोरी झाल्या, मग ह्यो तानाजी. पाचव्या टायमाला माझ्या सासूनं मला सांगितलं, हिला न्हाणीतच ठिव, मरंल आपसूक. मी ठिवली न्हाई. पाचीच्या पाची वाढवल्या, लग्नं केली. तवा माझ्यासाठी कुठली बाई येऊन कोरडी बसली हुती? मला कुणी शब्द दिला?"

"कुणी न्हाई दिला," धुळाप्पा म्हणाला.

"मग?"

"मग तुमाला जास्त कळाय पायजे, सुलाबाई."

तिनं तांब्या जरा पुढं सारला. तानाजी पायानं माती उकरत होता.

दार उघडलं. क्रांती बाहेर आली आणि तिच्या मागून प्रांजल. ती वाळली होती. पोट मात्र साडीतूनही दिसत होतं. धुळाप्पाला बघून तिचं तोंड वेडंवाकडं झालं, पण ती रडली नाही. बापाकडे तिनं पाहिलं नाही.

"मी विचारलं तिला," क्रांती म्हणाली. "तीच सांगेल."

"ताईनं इचारलं, तुला काय पायजे," प्रांजल म्हणाली. "मी म्हटलं, मला झोप पायजे. सात दिस मला झोप न्हाई." ती उंबऱ्यावर बसली. "दोन वर्षांमागं मला न्हेलं हुतं तिकडं. थोरल्या आईबिगर कुणाला म्हाईत न्हाई. तीन महिन्याचं हुतं. वीस दिस अंगावरनं जात हुतं. थोरली आई येऊन बसायची माझ्यापाशी, कायबी न बोलता. मला परत न्हाई जायाचं तितं. हे पोर मला हलतंय कळतं आता. मला ते पायजे."

नानासो म्हणाला, "मग ऊठ. चल."

"कुठं?" प्रांजलनं पहिल्यांदा बापाकडे बघितलं. "आबा, ज्येचं घर त्येनं ठरवावं, आसं म्हणाला हुता तुमी. थोरली आई आता न्हाई. आषाढात ही झाल्यावर मी कुठं ठिवू हिला? तुमच्या काट्यावर?"

"मी वाढवतो. मी शब्द देतो तुला."

"तुमचा नगं मला."

नानासोच्या तोंडावर मारल्यासारखं झालं. तो उठला आणि जाऊन जीपपाशी उभा राहिला, पाठ करून.

"थोरले आबा," प्रांजल म्हणाली, "तुमी द्या. थोरल्या आईनं दिला तसा द्या. मग मी येती."

क्रांती वाकून बापाच्या कानाशी पुटपुटली, "द्या आबा. कुणी आणून देत नाही. आईला ते ठाऊक होतं, म्हणून ती सगळ्यांना द्यायची."

"तसं न्हाई," धुळाप्पा मोठ्यानंच म्हणाला. "तसं नव्हतं तिचं. ती दर टायमाला खरं म्हणायची. पोर आली आसती तर तिनं घेतली आसती."

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो सहासष्ट वर्षांचा होता. घरात आता तो आणि बाहत्तर वर्षांची बहीण. त्याला कोकरू बाटलीनं पाजता यायचं, मेंढीचं आडवं आलेलं पिल्लू फिरवून काढता यायचं. माणसाचं पोर त्यानं कधी न्हाऊ घातलं नव्हतं. क्रांती झाली तेव्हा तो मेंढरं घेऊन घाटाखाली होता. ती चार महिन्यांची झाल्यावर त्यानं तिला पहिल्यांदा बघितलं होतं. त्यानं क्रांतीकडे पाहिलं.

"माझ्याकडं बघू नका, आबा," क्रांती म्हणाली. "मी पुणं सोडून येणार नाही. खोटं सांगत नाही."

"न्हाई. तुला म्हणत न्हाई मी."

धाकटी पोर येऊन आजीच्या पाठीला टेकली. तांब्यातल्या पाण्यावर माशी बसली, ती सुलाबाईनं हातानं हाकलली.

"मला जमंल का ठावं न्हाई," धुळाप्पा म्हणाला. "माझ्या हातनं चुका व्हतील. आताच एक झालीया, म्हणून तर हितं बसलोय. पण पोरगी झाली तर सव्वा महिन्यानं माझ्या घोंगड्यावर आणून ठिवा. मी वाढवीन. मी हाय तवर तिला उपाशी झोपवणार न्हाई."

"आन् तुमी गेल्यावर?" सुलाबाई म्हणाली. "बाईनं दिला, बाई गेली. उद्या तुमी जाल. मग मी कुणाच्या दारात उभी ऱ्हाऊ?"

जीपपासून नानासो म्हणाला, "माझ्या." तो वळला नाही. "पोरीला माझा शब्द नगं आसंल तर नगं. तुमाला देतो, सुलाबाई. आण्णाच्या मागं मी."

प्रांजल बापाच्या पाठीकडे बघत राहिली. नको म्हणाली नाही.

तानाजीनं श्वास सोडला. तो आत गेला आणि बायकोची पिशवी घेऊन बाहेर आला. आधीच भरलेली होती. उद्यासाठी भरली होती की आत्तासाठी, ते कुणी विचारलं नाही. त्यानं ती क्रांतीच्या हातात दिली आणि आईकडे न बघता गोठ्याकडे निघून गेला.

सुलाबाईनं घोंगड्याचा कोपरा सारखा केला. मग उठली. "न्या," ती म्हणाली. "हिला न्या. पर ह्या दोघी माझ्या घरातल्या हायत्या, त्या हितंच ऱ्हातील. मागल्या टायमाला मी सोडली, तवा गावात तोंड दावायची सोय उरली न्हाई मला. हिनं पोरगा घिऊन यावं, न्हाईतर येऊच ने."

"सुलाबाई, पोरी आईपाशी..." क्रांती बोलायला लागली.

"तू गप ऱ्हा बाय. तुला न्हाईत पोरंबाळं."

धुळाप्पानं तांब्या उचलला आणि एका दमात निम्मा प्याला. जेवढं मिळालं तेवढ्याला हो म्हणण्याची ती खूण होती, हे सुलाबाईलाही कळलं आणि प्रांजललाही. प्रांजलनं मान खाली घातली.

तिनं थोरलीला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. धाकटीची सुटलेली वेणी घातली. ती दोनदा सुटली, दोनदा तिनं पुन्हा घातली. मग ती जीपमध्ये मागं, क्रांतीशेजारी जाऊन बसली. पोरी दारात उभ्या होत्या. धाकटीला वाटलं आई बाजारला चालली आहे, तिनं खाऊ मागितला.

डांबरी रस्ता लागला. क्रांतीनं गोळ्यांची पट्टी काढून एक गोळी प्रांजलच्या हातात ठेवली. प्रांजलनं ती कोरडीच गिळली आणि डोळे मिटले.

"झोपली का?" नानासोनं पुढं बघतच विचारलं.

"झोपली," क्रांती म्हणाली.

"आण्णा, त्या दोघींचं काय करायचं?"

धुळाप्पा बाहेर बघत होता. आग्नेस असती तर उद्या सकाळी नऊला पुन्हा त्या दारात जाऊन बसली असती. आता त्यानं पाणी पिऊन टाकलं होतं. थोरली सहा वर्षांची होती, धाकटी तीन. त्यांना आणायचं राहिलं होतं.